मूळ क्रम बदलत नाही

अवेळी आलेल्या पावसाने बसथांब्याचं पत्र्याचं छप्पर ताडताड वाजत होतं, आणि त्यावर आवाज चढवून कुणाच्या तरी मांडीवरचा लॅपटॉप बोलत होता. सपाट, बिनहेलकाव्याचा यंत्राचा आवाज.

"दिलेली यादी क्रमाने लावते. बरोबरीच्या नोंदींचा मूळ क्रम बदलत नाही."

छत्री मिटता मिटता ती थबकली. बाकावर तिशीतला एक माणूस बसला होता. गुडघ्याला टेकवलेली पांढरी काठी, ओल्या बाह्या, मान किंचित तिरकी. त्याने पुन्हा तीच कळ दाबली. पुन्हा तेच वाक्य.

ते वाक्य तिचं होतं.

तिच्या दादाने कॉलेजात असताना नादानादात संगणकाची एक भाषा रचली होती. आता ती बऱ्याच कचेऱ्यांतून वापरली जायची. त्या भाषेतल्या कुठल्याही आज्ञेचं नाव लिहून पुढे 'मदत' असं लिहिलं, की ती आज्ञा काय करते हे तिथल्या तिथे पडद्यावर यायचं, उदाहरणासकट. ती सगळी मदत हिने लिहिलेली. आणि नुसती लिहून भागत नव्हतं. दादाने आत काहीही हलवलं की ही एकेक उदाहरण चालवून बघायची, शब्द खरा आहे ना. पण आपलं वाक्य असं मोठ्यांदा, रस्त्यावर, पावसात तिने कधी ऐकलं नव्हतं.

"माफ करा हं," तो तिच्या दिशेने वळून म्हणाला. "कानात घालायचे हेडफोन आज घरी राहिले. त्रास होत असेल."

"नाही... चालू द्या."

"हे? यात ऐकण्यासारखं काय आहे? ना राजा, ना राणी."

"चांगलं लिहिलंय," ती बोलून गेली, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"लिहिलंय चांगलंच. म्हणून तर पंचाईत झालीय." त्याने लॅपटॉप अर्धवट मिटला. "मी पाणीपुरवठ्यात असतो. कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं, त्याची यादी माझा प्रोग्राम लावतो. जी वस्ती जास्त दिवस थांबलीय ती वर. मग दाबाप्रमाणे गट पाडायचे. एका गटातल्या सगळ्या बरोबरीच्या, पण त्यांच्यात आधी थांबलेली आधीच राहिली पाहिजे. रांगेत उभ्या माणसासारखं. हे वाक्य तेच सांगतं ना?"

"तेच सांगतं."

"गेल्या महिन्यात टेकडीवरची एक वस्ती रोज मागे पडत गेली. तक्रारी आल्या, त्या कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिल्या. शेवटी एक आजी खालून बादली घेऊन जिना चढत होत्या..." तो थांबला. "पडल्या. खुब्याचं हाड मोडलं."

पावसाने मध्येच दम घेतला. थांब्याखाली अगदी शांत झालं.

"ऑफिसात एकच चाललंय — ज्याला दिसत नाही त्याच्या हाती शहराचं पाणी दिलंच कसं? तोंडावर कुणी म्हणत नाही. पण मला ऐकू येतं ना!" तो हसला, पण ते हसू ओठांच्या वर गेलं नाही. "पंधरवड्याने चौकशी आहे. म्हणून सारखं हे ऐकतोय. हे वाक्य खोटं असेल तर मी सुटलो. खरं असेल तर मीच कुठेतरी माती खाल्ली."

तिने मिटलेली छत्री बाकाला टेकवली.

"ते वाक्य... मी लिहिलंय."

तो हळूच म्हणाला, "मदतवाल्या बाई? तुम्ही?"

"असं म्हणतात मला?"

"आम्ही म्हणतो, तुम्हाला विचारून थोडंच? मला वाटायचं तुम्ही साठीच्या असाल. जाड चष्मा, हातात छडी."

"चष्मा आहे."

"छडी माझ्याकडे आहे. म्हणजे फार चुकलो नाही."

तिला हसू फुटलं. त्यालाही. पण दुसऱ्याच क्षणी त्याने पाठ ताठ केली. "मग आता तुम्हालाच विचारतो. ते खरं आहे?"

"खरं आहे," ती लगेच म्हणाली. आपल्या वाक्यांबद्दल तिला दुसरं उत्तर माहीतच नव्हतं.

"अच्छा." त्याने लॅपटॉप पिशवीत सारला. "मग चूक माझीच."

बस आली. त्याने नंबर विचारला, काठी उलगडली आणि पायरी चाचपत चढून गेला. "अहो, थांबा..." ती म्हणाली तेव्हा दार लागलं होतं.

घरी येऊन ओल्या कपड्यांनिशीच ती कामाच्या खोलीत बसली. मदतीतलं उदाहरण चालवलं. उत्तर चोख. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण त्याचं ते 'अच्छा' कानातून जाईना. उदाहरणातली यादी होती जेमतेम पाचसहा नावांची. शहरात वस्त्या किती असतील? तिने मोठी यादी केली, शेकडो नावांची, आणि क्रम लावायची 'सॉर्ट' ही आज्ञा दिली.

बरोबरीची नावं वरची खाली, खालची वर झाली होती.

पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

"दादा, सॉर्टमध्ये काही बदललंस?"

दादा खिडकीशी बसून काम करत होता. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, शिकवलं. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून तो अजूनही तिला बारकीच म्हणायचा. "हो की. मोठ्या याद्यांना नवी पद्धत लावली. वेग दुप्पट झालाय, बारके! छोट्यांना जुनीच ठेवली."

"मला सांगितलं नाहीस."

"राहिलं. काय झालं एवढं?"

तिने सांगितलं. आजींचं हाडही सांगितलं. दादाचा चेहरा उतरला. तो उठून येरझाऱ्या घालू लागला. पण थोड्या वेळाने बोलला ते वेगळंच. "हे बघ, पुढच्या महिन्यात विद्यापीठ ठरवणार आहे, आपली भाषा घ्यायची की नाही ते. सगळी भिस्त या वेगावर आहे. तू असं कर, मदतीतलं वाक्य गुपचूप बदल. 'क्रम टिकेलच असे नाही.' झालं. मदतही खरी, कामही खरं."

"आणि तो माणूस?"

"अगं, मदत कोण वाचतं? सगळे नेटवर शोधतात."

"तो ऐकतो, दादा." ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "मी आज नुसतं वाक्य बदललं तर उद्या साहेब त्याला म्हणतील, लिहिलंय तर खरं, तुलाच कळलं नाही. कधीपासून खोटं होतं तेही लिहायला हवं."

"विद्यापीठाचं होईपर्यंत थांब."

ती काही बोलली नाही. दादाने तो होकार समजला.

दुसऱ्या दिवशी ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत गेली. पंपांच्या घुमण्याने जमीनसुद्धा बारीक थरथरत होती. शेवटच्या खोलीत, उघड्या खिडकीशी, तो हेडफोन घालून बसला होता. ती दारात उभी राहिली.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"नाही... ते खरं नाही. मी काल चुकीचं सांगितलं."

त्याने हेडफोन काढले. ती भराभर सांगत गेली. मोठी यादी, छोटी यादी, तिची पडताळणीच कशी तोकडी पडली. मग त्याने दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले.

"रात्रभर मी माझा प्रोग्राम ओळीनं ओळ ऐकला," तो म्हणाला. "चूक सापडेना. वाटलं, आता कानही गेले."

तिला रडू येईल की काय असं झालं. ते त्याला कळलं असावं. कारण तो पटकन म्हणाला, "दारात आल्या आल्या तुमचा पहिला शब्द 'नाही' होता, लक्षात आलं का? लिहितानाही तसंच करता. काय होणार नाही ते आधी, ठणठणीत. बाकीचे लोक शेपूट घालतात — 'सामान्यतः', 'शक्यतो'. तुमचं वाक्य आलं की मी पाय टाकतो. पुढे जमीन असते."

असं तिला आजवर कुणीच म्हणालं नव्हतं. खिडकीतून ओल्या मातीचा वास आला, आणि पंपांची घरघर तिला अचानक फार जवळची वाटली.

"म्हणजे काल जमीन नव्हती," ती म्हणाली.

"हो. म्हणून तर लागलं."

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी जायची. सॉर्टपुरतं तिचं समाधान होईना. एक वाक्य असं निसटलं, तर आणखी किती? तो मदतीची पानं ऐकायचा, ती मोठमोठ्या याद्या घेऊन उदाहरणं चालवायची. तो मध्येच हात वर करायचा. "थांबा. इथे 'रिकामी यादी दिल्यास' काय होतं ते सांगितलंच नाही." ती करून बघायची, आणि खरंच, तिथे काही भलतंच व्हायचं. मग दोघं वाक्यावरून भांडायची. तिला वाक्य आखूड हवं, त्याला पूर्ण.

"एवढं लांब वाक्य कोण ऐकेल?"

"तुम्ही बोलणार असाल तर मी ऐकेन... म्हणजे, लिहिणार असाल तर."

ती खाली बघायची. त्याला दिसत नाही हे माहीत असून खाली बघायची.

परतताना थांब्यापर्यंत सोबत. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "हात धरून ओढायचं नाही हं. कोपर द्या. मी धरतो." त्याची बोटं अगदी हलकी असायची, पण घरी गेल्यावरही तिला कोपराशी ती जाणवत राहायची. त्याला कळायला लागलं तेव्हापासून दिसत नव्हतं, आणि त्याबद्दल तो हळहळत नसे. त्याला चीड होती ती वेगळीच. "मी बरोबर असलो तर लोक म्हणतात, बघा, दिसत नसूनसुद्धा! चुकलो तर म्हणतात, चुकणारच. माझी स्वतःची अशी एक साधी चूकसुद्धा मला मिळत नाही."

एकदा तो म्हणाला, "मला 'अहो' म्हणू नका बुवा. ऑफिसातला शिपाईसुद्धा अरे म्हणतो."

ते काही तिला जमेना. 'तुम्ही' म्हणावं तर तो रुसणार, 'तू' म्हणावं तर जीभ रेटेना. मग ती आडवळणाने बोलू लागली. "चहा घ्यायचा का?" "आज निघायचं ना?"

"बाई," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "दोन दिवस झाले, तुमच्या वाक्यांतून मी गायब आहे. व्याकरणात असं चालतं?"

घरात मात्र दादा आणि ती एकमेकांशी तुटक बोलत होते. वहिनी ताट वाढताना एकदा दादाकडे, एकदा तिच्याकडे बघायची. चौकशीच्या आदल्या दिवशी तिने दादाला स्पष्ट सांगितलं, "मी उद्या तिथे जाणार आहे. कधीपासून चुकलं, ते सांगणार आहे."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला.

चौकशीच्या खोलीत साहेब होते, बाजूला दोन अधिकारी. पाणीवाला समोरच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. ती मागे भिंतीशी बसली. त्याने आपलं म्हणणं मांडलं. साहेबांनी एका अधिकाऱ्याला खूण केली. त्याने ऑफिसच्या संगणकावर सकाळीच भाषेची ताजी आवृत्ती घेऊन ठेवली होती. त्याने मदत उघडून मोठ्याने वाचलं, "'बरोबरीच्या नोंदींचा क्रम सामान्यतः टिकतो, मात्र त्यावर विसंबू नये.'"

तिच्या पायाखालची जमीन सरकली. दादाने कालच बदललं होतं. तारीख नाही, खुलासा नाही.

"विसंबू नये असं स्पष्ट लिहिलंय," साहेब सावकाश म्हणाले. ते वाईट नव्हते, कंटाळले होते. "तुमच्या ऐकण्यात काहीतरी—"

"साहेब, हे वाक्य यांचं नाही," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"मदत लिहिणाऱ्या बाईंचं. त्या मागे बसल्यात. मी सगळी पानं ऐकलीत. 'सामान्यतः' हा शब्द त्यांनी कुठेच वापरलेला नाही."

सगळ्यांनी वळून बघितलं. ती उठली. आपलेच दात, आपलेच ओठ. समोर दादा असता तर कदाचित बोललीच नसती. पण त्या खुर्चीतल्या माणसाची पाठ तिच्याकडे होती, ताठ, आणि तो वाट बघत होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "ते वाक्य काल माझ्या भावाने बदललं. ऑफिसच्या संगणकावर बघू नका. यांच्या लॅपटॉपवर बघा. आमची मदत भाषेच्या पोटातच असते. जी आवृत्ती तुम्ही घेता, तिची मदत तिच्याबरोबर येते. ती मागाहून आम्हालाही पुसता येत नाही."

लॅपटॉप टेबलावर ठेवला गेला. यंत्राच्या सपाट आवाजात तिचं जुनं वाक्य खोलीभर ऐकू आलं. मग तिने मोठी यादी लावून दाखवली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? उलटसुलट झालेली नावं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"म्हणजे चूक तुमच्या घरची?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या घरची. आम्ही लिहिलं ते यांनी नीट ऐकलं. आम्हीच लिहिलं तसं केलं नाही."

एक अधिकारी खाकरून म्हणाला, "यांच्याकडे दोष जात नाही, असं लिहून घ्या."

"माझी एक विनंती आहे," पाणीवाला म्हणाला. "आजींना पाणी मिळालं नाही ते माझ्याच यादीमुळे. दोष नसला तरी ते माझ्या नावावर राहील, राहू दे. फक्त यापुढे तक्रारी थेट माझ्याकडे पाठवा. कुणाच्या टेबलावरून फिरून नकोत."

साहेबांनी मान हलवली, आणि लक्षात येऊन तोंडाने म्हणाले, "हो. पाठवू."

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा राहिला. तिने कोपर पुढे केलं, त्याच्या बोटांना हलकेच लावलं.

"चल," ती म्हणाली. "तू दमलायस."

तो एकदम हसला. पूर्ण रस्ताभर हसत राहिला.

घरी दार वहिनीने उघडलं, आणि नुसतंच डोळ्यांनी आत दाखवलं. दादा टेबलाशी डोकं धरून बसला होता. पडद्यावर भाषेच्या मदतीचं पहिलं पान होतं. कुठल्या आवृत्तीपासून सॉर्ट चुकलं, का चुकलं, कुणी लपवलं — सगळं लिहिलेलं, खाली दादाचं स्वतःचं नाव.

"साहेबांचा फोन आला होता," तो म्हणाला. "जुनी पद्धत परत लावली, विद्यापीठालाही मीच कळवलं. त्यांनी विचार करायला वेळ मागितलाय. बहुतेक नाहीच म्हणतील."

"रागावलास?"

"रागावलोय. माझ्यावर." थोडा थांबून, "निम्मा तुझ्यावर." मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. डोळे लाल होते. "कोण वाचतं, म्हणालो मी तुला. इतकी वर्षं तू लिहितेस, आणि मी... यापुढे तू हो म्हटल्याशिवाय यातली एक ओळ बाहेर जाणार नाही, बारके."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज करून. वहिनी पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "आता तो पाणीवाला कोण, ते तरी सांगा कुणीतरी!"

त्या रविवारी तो आजींना भेटायला निघाला. "एकटा जायला धीर होत नाही," तो म्हणाला. "येशील?"

टेकडीचा जिना उभा होता, पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं. ती पुढे, तिच्या कोपराशी तो. या पायऱ्यांवरून भरली बादली कशी आणली असेल, हाच विचार दोघांच्या मनात.

आजी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. हाड सांधलं होतं, पण आता जिना चढणं नशिबात नव्हतं. महिन्याभरात त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. ज्या घरात त्यांचा संसार झाला, त्याच्या भिंतींवर अर्धं सामान उतरवल्याचे पांढरे चौकोन दिसत होते.

"आजी, पाण्याची यादी मी लावतो," तो दारातच म्हणाला. "तुम्हाला पाणी आलं नाही ते माझ्या यादीमुळे. मी... क्षमा मागायला आलोय."

आजींनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. "आता येतं," त्या म्हणाल्या. "वेळेवर येतं. आणि यायला लागलं तेव्हा मी निघाले." त्यांचा आवाज भरून आला, पण त्यांनी तो गिळला. "क्षमा काय मागतोस? खात्यात इतके साहेब आले-गेले, वर चढून आलेला तू पहिला. बस." मग नजर तिच्याकडे वळली. "आणि ही कोण? बायको?"

"नाही... नाही, आजी," तो गोंधळला. "ही म्हणजे... आम्ही एकत्र..."

"यांनी विचारलेलं नाही अजून," ती म्हणाली. आपण हे बोललो यावर तिचाच विश्वास बसेना.

त्याचे कान लाल झाले होते.

"अरे, मग तोंडात काय गूळ धरलायस?" आजी कडाडल्या. "मी काय आणखी पन्नास वर्षं बसणार आहे इथे?"

तो तिच्या आवाजाच्या दिशेने वळला. हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला. ती हलली नाही. त्याचं त्यालाच येऊ दे, असं तिला वाटलं. मग त्याची बोटं तिच्या मनगटाशी पोचली, आणि पहिल्यांदाच ती कोपराशी न थांबता तळहातात शिरली.

"मला भीती वाटते," तो हळू म्हणाला. "माझ्याबरोबर चालताना लोक तुझ्याकडे बघतील, तुला 'बिचारी' म्हणतील. घरातली वस्तू एक बोटभर सरकवलीस तर मी आपटेन आणि चिडेन. मी फार चिडका आहे. हे सगळं आधीच सांगतोय. आणि तरीही... माझ्याशी लग्न करशील?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि इतकी वर्षं शब्द जपून वापरणाऱ्या तिला एकही शब्द सापडेना. तिने मान हलवली. मग भानावर येऊन त्याचा हात आपल्या गालाशी नेला, म्हणजे हललेली मान त्याला कळेल.

गाल ओला होता, तेही त्याला कळलं.

"हो," ती म्हणाली. "हो."

आजींनी पदराच्या टोकाने डोळे पुसले. तेवढ्यात मोरीतला नळ आधी खोकला, मग फसफसला.

"बसलात काय असे?" त्या म्हणाल्या. "उठा दोघं. भांडी भरून घ्या, पाणी जाईल."

दोघं उठली. तिने त्याच्या हातात कळशी दिली, आणि त्याने धारेचा आवाज ऐकून ती बरोबर नळाखाली धरली.